चुकलोकाकांची वही

ऑपरेशन थिएटरमध्ये काहीही पडलं, सांडलं, हरवलं की पहिला आवाज यायचा तो "चुकलो!" असा. आणि हे म्हणणारा गृहस्थ त्या सांडलवंडीपासून चांगला दहा पावलं लांब उभा असायचा.

म्हणून त्यांना सगळे चुकलोकाका म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं. तिथेही ते एकदा चुकीचं छापून आलं, तेव्हा काका कारकुनाकडे जाऊन म्हणाले, "चुकलो हो, माझं अक्षरच वाईट." अर्ज टाइप केलेला होता. कारकून बिचारा त्या टाइपाकडे आणि काकांकडे आळीपाळीने बघत बसला.

घरीही तीच तऱ्हा. दूध उतू गेलं की न्हाणीघरातून, अर्ध्या दाढीला साबण लावलेल्या अवस्थेत, "चुकलो!" बायको म्हणायची, "अहो, गॅस मी लावला, विसरले मी, तुम्ही कसले चुकता? आणि माणूस चुकलो म्हणतो तो पुढे सुधारतो तरी. तुम्ही चुकलो म्हणता आणि चहा मागता."

काकांचं यावर एक तत्त्वज्ञान होतं, आणि ते त्यांना फार खोल वाटायचं. भांडण दहा मिनिटं चालतं, चुकलो म्हणायला एक सेकंद लागतो. मग उरलेल्या वेळात माणसं कामाला लागतात. "खापर फोडायला कुणाचं तरी डोकं लागतं," ते सांगायचे. "माझं तसंही रिकामंच असतं. घ्या, फोडा."

नोकरी कॅन्सरच्या हॉस्पिटलात. सत्तावीस वर्षं. त्यातली चोवीस टेबलावरचा मोठा दिवा सर्जनच्या हाताबरोबर फिरवण्यात गेली. लहानपणी वडील विचारायचे, "तू काय दिवे लावणार आहेस आयुष्यात?" वडिलांना उत्तर मिळालं म्हणून काका बरेच दिवस खूश होते. मग तीन वर्षांपूर्वी नवा कॅमेरा आला आणि काकांचं मुख्य काम दिवे घालवणं हे झालं. बढती म्हणायची ती हीच.

त्या कॅमेऱ्याची गंमत अशी. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी पेशंटला सलाईनमधून एक औषध देतात. ते अंगभर फिरतं आणि कॅन्सरच्या पेशींनाच चिकटून राहतं. मग ऑपरेशनमध्ये गाठ काढून झाली की सगळे दिवे घालवायचे आणि कॅमेरा जखमेवर धरायचा. कॅमेऱ्याचा स्वतःचा एक दिवा असतो. त्या दिव्यात ते औषध चमकतं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर हिरवं दिसतं. हिरवं काही उरलं, तर कॅन्सर आत उरला असण्याचा संभव. साध्या डोळ्यांना यातलं काहीएक दिसत नाही.

भानगड एवढीच की बाहेरच्या उन्हातही त्या कॅमेऱ्याला दिसेल असं काहीतरी असतं. इमारत जुनी. दाराला गोल काच, वर झरोका, खिडकीच्या पडद्यांना फटी. कुठून तरी उन्हाची तिरीप आली की ओल्या जखमेवर ती चमकायची आणि पडद्यावर खोटाच हिरवा ठिपका उमटायचा. मोठे डॉक्टर म्हणायचे, "काका, तुमची फट!" काका म्हणायचे, "चुकलो साहेब," आणि चिकटपट्टी घेऊन धावायचे. सगळे हसायचे, दिवे लागायचे, टाके घालायला सुरुवात व्हायची.

काकांनी या कॅमेऱ्याची एक वही ठेवली होती. ती कुणी मागितलेली नव्हती आणि कुणी वाचतही नव्हतं. तारीख, पेशंटचा नंबर, औषध किती वाजता दिलं, अंधार किती मिनिटं केला, आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "फट राहिली. चुकलो." लिहायचीही सवय लागली होती, हाताला काही इलाज नाही.

तर एका सोमवारी काका औषधाची वेळ टिपून घ्यायला वॉर्डात गेले. पेशंट पन्नाशीच्या बाई. जिभेचा कॅन्सर. बोलणं थोडं जड होतं, पण थांबत नव्हतं.

"तुम्ही काय करता इथे?" बाईंनी विचारलं.

"दिवे घालवतो."

"अगं बाई! म्हणजे आमच्याच खात्यातले की तुम्ही!"

बाई वीज कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसायच्या. एकतीस वर्षं. वीज गेली की लोक ज्यांना फोन करून शिव्या देतात, त्या याच.

"दिवसाला दोनशे फोन," त्या म्हणाल्या. "दोनशे वेळा म्हणायचं, गैरसोयीबद्दल क्षमस्व."

काकांना एकदम जवळचं माणूस भेटल्यासारखं झालं. "मीही दिवसभर तेच म्हणतो हो. चुकलो, चुकलो. त्यानं सगळं मिटतं."

"छे!" बाई उठूनच बसल्या. "भलतंच काय! क्षमा मागायची ती गैरसोयीची. चूक कुठे आहे ते सापडल्याशिवाय ती कुणाच्या नावावर लिहायची नाही. मीटरमधून आवाज येतोय म्हणून फोन येतो. मी पहिलं काय सांगते? आधी तुमच्या घरातला मेन स्विच बंद करा. आवाज थांबला तर दोष तुमच्या घरातला. चालूच राहिला तर आमच्या तारेतला. चिडतात लोक. पण एकदा बंद करून बघितलं की कळतं."

"चुकलो," काका सवयीनं म्हणाले.

"काय चुकलात?"

काकांना सांगता येईना.

"बघा! नुसतं चुकलो नोंदवता येत नाही. काय, कुठे, कधी, ते सांगावं लागतं." बाई हसल्या, आणि हसताना जीभ दुखली म्हणून गालाला हात लावला. मग म्हणाल्या, "मी दुसऱ्यांदा आलेय. दीड वर्षापूर्वी इथेच झालं ऑपरेशन. सगळं निघालं म्हणाले होते. एक वर्ष बरं गेलं, आणि परत उजवीकडे मागे, तिथेच. तेव्हा दिवे कुणी घालवले होते?"

"मीच असतो."

"मग या वेळी नीट घालवा हं. आता अर्धीच जीभ राहील म्हणतात. तिसऱ्यांदा यायला माझ्याकडे काही शिल्लक नाही."

त्यांनी ते गमतीत म्हटलं होतं. काका "हो हो" करत बाहेर पडले आणि जिन्यातच थबकले. उजवीकडे मागे, हे त्यांनी कुठेतरी लिहिलं होतं.

वही थिएटरच्या कपाटात, हातमोज्यांच्या खोक्यांमागे. काकांनी दीड वर्षापूर्वीची पानं काढली. बाईंचा नंबर सापडला. पुढे त्यांच्याच त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात: "अंधार चार मिनिटं. उजवीकडे मागे बारीक ठिपका. फट राहिली. चुकलो."

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग त्या दिवसाचं काही आठवतं का बघितलं. काही म्हणजे काही आठवेना. ठिपका दिसला असेल, साहेब म्हणाले असतील, "काका, तुमची फट", ते म्हणाले असतील, चुकलो. मग फट शोधायला गेले असतील आणि तोवर दिवे लागले असतील. फट सापडली होती का? तसं वहीत नव्हतं. फट न सापडताही चुकलो म्हणणारा या भूतलावर एकच शहाणा, आणि तो स्वतःचंच अक्षर वाचत उभा होता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! आणि भोगलं कुणी? ज्या बाईची जीभ, तिनं.

काका घाबरले. चांगलेच घाबरले. संध्याकाळी पानावर बसले आणि भात नुसता चिवडत राहिले.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"चुकलो," काका म्हणाले.

"हं," ती म्हणाली आणि भाजी वाढत राहिली.

आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द खरा होता, आणि घरच्या माणसानंसुद्धा तो मनावर घेतला नाही. घेणार तरी कशी? दूध उतू गेल्याला आणि याला काकांकडे शब्द एकच. त्यांना स्वतःचा असा काही राग आला की ताट तसंच ठेवून ते उठले.

बुधवारी ऑपरेशन. काका सकाळी सहालाच थिएटरात हजर. दाराच्या गोल काचेला काळा कागद, झरोक्याला दोन थर, पडद्यांच्या कडांना चिकटपट्टी. कुलपाच्या भोकात त्यांनी कापूस कोंबला. सिस्टर हात धुता धुता बघत होत्या. "काका, आता मुंगीलासुद्धा आत यायचं तर कंदील आणावा लागेल." काकांनी दिवे घालवून खोलीच्या चारी कोपऱ्यांत उभं राहून बघितलं. स्वतःचा हात दिसेना. तेव्हा कुठे ते खाली बसले.

ऑपरेशन तीन तास चाललं. गाठ निघाली, भोवतीची कड निघाली. मोठे डॉक्टर म्हणाले, "दिवे."

काकांनी दिवे घालवले आणि कॅमेरा हातात घेतला. पडदा काळा. डावीकडे काही नाही. पुढे काही नाही. उजवीकडे मागे, जिभेच्या मुळाशी, मोहरीएवढा हिरवा ठिपका.

"काका, तुमची फट," मोठे डॉक्टर म्हणाले. पाठ अवघडली होती त्यांची, आवाजात कळत होतं. सिस्टरांनी टाक्यांचा ट्रे पुढे ओढला. भूल देणाऱ्या बाई घड्याळ बघायला वळल्या. सगळे त्या एका शब्दाची वाट बघत होते, म्हणजे दिवे लागतील आणि पुढचं काम सुरू होईल.

काकांच्या ओठांवर तो आला होता. 'चु' पर्यंत आला होता. सत्तावीस वर्षांचं वळण, असं सहजासहजी सुटतं होय!

"नाही," काका म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की सिस्टरांनी विचारलं, "काय?"

"साहेब, ही फट माझी नाही." आणि लगेच, राहवेना म्हणून, "बहुतेक."

अंधारात कुणीतरी खुदकन हसलं. मोठे डॉक्टर हसले नाहीत. "काका, तिथून नस जाते. उगाच कापलं तर बाईंना गिळता येणार नाही. तुमची खात्री आहे?"

"माझी खात्री माझी बायकोसुद्धा देत नाही साहेब," काका म्हणाले. त्यांनी अंगठा कॅमेऱ्याच्या बटणावर नेला. "पण एक करून बघू या. कॅमेऱ्याचा दिवा मी बंद करतो, नुसता कॅमेरा चालू ठेवतो. उजेड बाहेरचा असेल तर ठिपका तसाच दिसेल. मग खुशाल माझं डोकं फोडा. पण ठिपका गेला, तर तो या बाईंच्या आतला आहे."

भूल देणाऱ्या बाई घड्याळाकडून पडद्याकडे वळल्या.

"करा," मोठे डॉक्टर म्हणाले.

काकांनी बटण दाबलं. पडदा काळा झाला. ठिपका गेला.

पुन्हा दाबलं. ठिपका आला, तिथेच.

"परत," मोठे डॉक्टर म्हणाले. गेला. "परत." आला.

"दीड वर्षापूर्वीही होता साहेब," काकांच्या तोंडून निघालं. "याच जागी. वहीत आहे. तेव्हा मी चुकलो म्हणालो होतो."

अंधार होता म्हणून बरं, कुणाला कुणाचं तोंड दिसलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी दिवे लावायला सांगितलं, त्या जागेवरून नखाएवढा पातळ तुकडा काढला आणि तपासायला लॅबमध्ये पाठवला. तुकडा गोठवून, त्याचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्याला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात काकांनी मनातल्या मनात तीन वेळा राजीनामा लिहिला, आणि तिन्ही वेळा सुरुवात त्याच शब्दानं झाली.

भिंतीवरचा फोन वाजला. सिस्टरांनी सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. लॅबमधला आवाज म्हणाला, "तुमच्या तुकड्यात कॅन्सर आहे. कडेपर्यंत आहे, म्हणजे पलीकडेही असणार."

मोठ्या डॉक्टरांनी नस सांभाळत आणखी थोडं काढलं. पुन्हा अंधार, पुन्हा कॅमेरा. पडदा कोराच राहिला. पुन्हा तुकडा, पुन्हा अर्धा तास, पुन्हा फोन. "यात काही नाही. स्वच्छ." सिस्टरांनी डोळे मिटले आणि उघडले. काकांना रडू आलं. मास्क होता म्हणून निभावलं, पण नाक गळायला लागलं आणि हात निर्जंतुक मोज्यात, म्हणजे पुसायचीही सोय नाही.

हात धुवायच्या जागेपाशी मोठ्या डॉक्टरांनी वहीतलं ते पान उभ्यानंच वाचलं. मग मागची पानं चाळली. एकेका पानावर चुकलो, चुकलो.

"ही वही मी कधी मागितली नाही," ते म्हणाले.

"तुम्ही कशाला मागाल साहेब? चुक..." काकांनी शब्द गिळला.

"तेव्हा तुकडा तपासायला पाठवणं माझं काम होतं. तुम्ही चुकलो म्हणालात आणि मला बरं वाटलं. संपलं म्हणून बरं वाटलं." त्यांनी वही मिटली, पण परत दिली नाही. "इथे जेवढे ठिपके लिहिलेत, त्या सगळ्या पेशंटना मी तपासायला बोलावून घेतो. आणि बाईंना उद्या मी सांगतो."

"मीही सांगतो."

"तुम्ही नाही सांगितलंत तरी चालेल."

"ते माहीत आहे साहेब," काका म्हणाले. "आजवर तसंच चालत आलं."

मोठ्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. काका पाचव्या दिवशी गेले. मधल्या चार दिवसांत ते चार वेळा वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन परत आले होते. एकदा तर आतून सिस्टरांनी विचारलं, "काका, काही हवंय?" तेव्हा "चुकलो, हा वॉर्ड नव्हे," म्हणून सटकले. ज्या वॉर्डात सत्तावीस वर्षं ये-जा केली, तो!

बाई उशीला टेकून बसल्या होत्या. नाकात नळी, गळ्याला पट्टी, मांडीवर लिहायची वही. बोलायला अजून बरेच दिवस होते. काका समोर उभे राहिले. दिवसाला चाळीस वेळा फुकट वाटलेला शब्द, आता खरा द्यायचा तर हाताशी येईना.

मग त्यांना आठवलं. काय, कुठे, कधी.

"बाई," काका म्हणाले, "दीड वर्षापूर्वी, पहिल्या ऑपरेशनला, तुमच्या जिभेत उजवीकडे मागे ठिपका दिसला होता. साहेबांना वाटलं फट राहिली, माझी चूक. मी फट न बघताच हो म्हणालो. ती चूक माझी नव्हती. पण मी माझी म्हणालो, आणि तीच माझी चूक झाली. लगेच बघितलं असतं तर तुमची जीभ एवढी गेली नसती. मी वाईट माणूस नाही हो, नुसता भांडणाला भिणारा आहे. पण तुम्हाला त्याचं काय!"

बाईंचे डोळे भरले. मग त्यांनी पेन उचललं आणि लिहायला लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या, मध्ये खोडत होत्या, पेन कागदात रुतत होतं. शेवटी वही त्यांच्याकडे फिरवली.

वर तारीख घातली होती. खाली लिहिलं होतं: "तुमची तक्रार नोंदवून घेतली. मी तुमच्यावर फार रागावले आहे. डॉक्टरांवरही. या वेळचा ठिपका तुम्ही सोडला नाहीत हेही कळलं. ते वेगळ्या पानावर लिहीन. अजून पुष्कळ लिहायचं आहे पण हात दुखतो. उद्या या."

काकांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.

बाईंनी लिहिलं, "चार."

दुसऱ्या दिवशी काका पावणेचारलाच जाऊन बसले.